शहराची नाडी पाहणारा जीवशास्त्रज्ञ

१८७९ साली मेक्सिकोत नमुने गोळा करायला गेलेल्या पंचवीस वर्षांच्या एका स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाची दृष्टी अचानक गेली. डोळ्यांना पूर्ण विश्रांती, याखेरीज तेव्हाच्या डॉक्टरांकडे फारसा उपाय नव्हता. कित्येक आठवडे त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवण्यात आले. दिसत काही नव्हते, म्हणून तो हाताने चाचपडत राहायचा. खिडकीच्या तावदानांचे चौकोन बोटांना लागले आणि एकेका चौकोनात एकेक कल्पना बसवून त्यांचा परस्परसंबंध लावण्याचा चाळा त्याने सुरू केला. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसण्याइतकी नाही. जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही कारकीर्द संपल्यातच जमा होती. पॅट्रिक गेडिस यांनी मग अभ्यासाला असा एक सजीव निवडला, जो पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. तो म्हणजे शहर.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावचा. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ शहराच्या कडेला, टेकडीजवळच्या बागेच्या घरात गेले. घरच्यांच्या आग्रहाखातर दीड वर्ष बँकेत कारकुनी करून पाहिली, पण मन रमले नाही. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रासाठी नाव घातले आणि आठवड्याभरातच ते सोडले. वाळलेल्या वनस्पतींचे तुकडे पाहण्यात त्यांना रस नव्हता. लंडनला थॉमस हक्सले यांच्याकडे ते शिकले. लंडनमधल्याच एका प्रयोगशाळेत एकदा वृद्ध चार्ल्स डार्विनही त्यांना भेटले.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर रॉस्कॉफ येथे त्यांनी हिरव्या रंगाच्या चपट्या कृमींचा अभ्यास केला. उन्हात ठेवल्यावर या कृमींमधून प्राणवायू बाहेर पडतो, हे त्यांनी दाखवले. प्राणी असून झाडासारखे वागणारा हा जीव. त्याच्या शरीरात शैवाल मुक्कामाला असते आणि दोघे एकमेकांच्या आधाराने जगतात, हे पुढे स्पष्ट झाले. हक्सले निसर्गातल्या झुंजीवर भर देत. गेडिस यांचे लक्ष मात्र सहजीवनाकडे वळले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये फ्रेडरिक ल प्ले यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. माणसे समजून घ्यायची तर त्यांची जागा, त्यांचे काम आणि त्यांचे कुटुंब या तीन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात, असा त्या विचारांचा गाभा होता. जीवशास्त्रज्ञाला यात नवे काही वाटू नये. परिसर, क्रिया आणि सजीव हीच ती त्रयी.

एडिंबरा शहराचे तेव्हा दोन तुकडे झाले होते. श्रीमंत मंडळी नव्या, आखीव भागात राहायला गेली होती आणि जुन्या शहरातल्या उंचच उंच चाळींत गरिबांची दाटी झाली होती. अंधार, घाण, क्षय, विषमज्वर. शहराचे पहिले आरोग्य अधिकारी हेन्री लिटलजॉन यांनी १८६५ साली या वस्त्यांचा तपशीलवार अहवाल लिहिला. पाठोपाठ सुधारणेचा कायदा आला आणि दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे सुरू झाले. रोगट भाग नकाशावरून गेला. त्यातली माणसे मात्र कुठे गेली नाहीत. ती शेजारच्या चाळींत शिरली. जिथे एका खोलीत चार जण होते, तिथे सहा झाले. क्षयाच्या जंतूला याहून सोयीची व्यवस्था कोणती?

१८८६ साली गेडिस यांचे लग्न ॲना मॉर्टन यांच्याशी झाले. संसार थाटायला या जोडप्याने जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या चाळवजा वस्तीतच जागा घेतली. ॲना सुखवस्तू व्यापाऱ्याच्या घरच्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे वजन कळते. दोघांनी आधी आपल्या खोल्या घासूनपुसून, चुना लावून घेतल्या. मग जिना, मग अंगण. खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या आल्या. शेजारी आधी लांबून बघत होते, हळूहळू तेही हात लावू लागले. पडायला आलेले एखादे घर काढून तिथे हवा-उजेडासाठी मोकळी जागा ठेवायची, बाकीची घरे दुरुस्त करून राहती ठेवायची, हा त्यांचा रिवाज इथे ठरला. पुढे तिथल्या एका मंडळाने जुन्या शहरातल्या ओसाड जागांची मोजणी केली, तेव्हा पाऊणशेच्या आसपास तुकडे सापडले, एकूण सुमारे दहा एकर. त्यांतल्या काहींच्या बागा झाल्या. त्यांची आखणी करण्यात गेडिस यांची मुलगी नोरा हिचा वाटा मोठा होता.

या पद्धतीला गेडिस यांनी दिलेले नाव थेट शल्यशास्त्रातून उचललेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाड चेचले किंवा सांधा सडला की हात-पाय कापून टाकणे हाच राजमार्ग होता. मग काही शल्यविशारदांनी फक्त सडलेला भाग काढून अवयव वाचवायला सुरुवात केली. जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीने त्याला बळ मिळाले. कापण्यापेक्षा राखण्याला कौशल्य जास्त लागते आणि वेळही जास्त लागतो, हे कोणताही सर्जन सांगेल. अवयव राखून केलेली शस्त्रक्रिया, हा शब्द गेडिस यांनी शहराला लावला. त्यापाठोपाठ दुसरा नियमही आलाच. आधी निदान, मग उपचार. शहर पायी फिरून, घराघरात डोकावून, पाणी कुठून येते आणि घाण कुठे जाते हे पाहिल्याशिवाय नकाशावर रेघ ओढायची नाही.

पोटापाण्यासाठी ते १८८८ पासून डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नेमणूक अशी सोयीची होती की, वर्षातून उन्हाळ्याचे एकच सत्र शिकवायचे आणि उरलेला काळ मोकळा. त्या मोकळ्या काळात त्यांनी एडिंबऱ्यात एका मनोऱ्याचे संग्रहालय केले. पाहुण्याने आधी थेट वरच्या मजल्यावर जायचे, तिथून सगळे शहर नजरेखाली घालायचे आणि मग एकेक मजला उतरत शहर, देश, खंड, जग असे पाहत खाली यायचे. १९०४ मध्ये डनफर्मलिन या मध्यम आकाराच्या गिरणी शहरासाठी त्यांनी मोठा अहवाल लिहिला. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून तिथे एक बाग करायची होती. गेडिस यांनी बागेसोबत अख्ख्या शहराचाच विचार मांडला. विश्वस्तांना एवढे नको होते. अहवाल बाजूला पडला. हे त्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडले आणि त्यात त्यांचाही दोष होता. विचारले त्याच्या दसपट सांगायची सवय, दाढीत पुटपुटल्यासारखे बोलणे आणि कागदाच्या घड्यांवर मांडलेल्या आकृत्या, ज्या बहुधा त्यांच्याखेरीज कुणालाच कळत नसत.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावले. नगररचनेचे त्यांचे फिरते प्रदर्शन वेगळ्या जहाजातून निघाले होते. महायुद्ध सुरू झालेले. जर्मनीच्या एम्डेन या युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि आयुष्यभर जमवलेले नकाशे, चित्रे, आराखडे समुद्राच्या तळाशी गेले. मायदेशातल्या स्नेह्यांनी धावपळ करून नवे साहित्य गोळा केले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन उभे राहिलेच. वयाच्या साठीत गेडिस भारतातली शहरे पायी पालथी घालू लागले.

इथली परिस्थिती एडिंबऱ्याहून बिकट होती, पण चूक तीच चालली होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून सरळ रुंद रस्ते काढले की हवा खेळेल आणि रोग जाईल, ही समजूत त्यामागे होती. प्लेग हवेने नव्हे, तर उंदराच्या अंगावरच्या पिसवेमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले होते आणि पुढच्या दशकात परळच्या प्रयोगशाळेतही त्यावर शिक्कामोर्तब झाले. तरी फावडी आणि पहारी थांबल्या नाहीत. लहान शहरांच्या नगरपालिकांनीही हाच कित्ता गिरवला. त्यांच्याकडे मुंबईसारखा पैसा नव्हता, त्यामुळे घरे पाडली जात, पण नवी बांधली जात नसत.

तंजावर, मदुराई, बलरामपूर, लाहोर, बडोदे, इंदूर. मुंबई इलाख्यातलीही सहा शहरे. पुढच्या काही वर्षांत भारतातल्या पन्नासच्या आसपास शहरांबद्दल गेडिस यांनी लिहिले आणि त्यांतली बरीचशी आजच्या भाषेत मध्यम शहरे होती. लाखाच्या आतबाहेरची वस्ती, मध्ये पेठा, कडेला तलाव, एखादी नदी आणि नव्याने आलेले रेल्वे स्टेशन. अशा शहराचे वळण वेळीच बसवता येते, मुंबई-कलकत्त्याचे नाही, असे त्यांच्या कामावरून दिसते. गल्लीची प्रत्येक वळणे ते तपासत. उष्ण प्रदेशात अरुंद गल्ली सावली देते, हे त्यांना दिसले. मोडकळीला आलेली दोन-तीन घरे काढली, एखादी भिंत चार हात मागे घेतली, मोकळ्या जागेत पार बांधून झाड लावले, की गल्लीत हवाही येते आणि शंभर कुटुंबे बेघरही होत नाहीत. खर्च सरळ रस्त्याच्या योजनेपुढे अगदीच किरकोळ. तरीही अभियंत्यांना हे पटायला जड गेले, कारण अशा योजनेसाठी कार्यालयातली पट्टी पुरत नाही, उन्हातान्हात घरोघर जावे लागते.

तलावांवरून त्यांचा मलेरियाच्या अधिकाऱ्यांशीही वाद झाला. डास होतात म्हणून तलाव आणि विहिरी बुजवा, असा तेव्हा आरोग्य खात्याचा सूर होता. गेडिस यांचे म्हणणे असे की, तलाव शहराला गारवा देतो, पुराचे पाणी साठवतो, विहिरींचे पाणी टिकवतो. डासांसाठी त्यात मासे आणि बदके सोडा. यात ते निम्मे बरोबर होते. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आजही सरकारी कार्यक्रमात वापरले जातात. मात्र शहरी मलेरियाचा डास विहिरीत, टाक्यांत, छोट्याशा साठ्यातही वाढतो आणि मासे एकदा सोडून भागत नाही, त्यांची देखरेख लागते. देखरेख हे नगरपालिकांचे दुखणे तेव्हाही होतेच.

१९१७ हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट वर्ष. त्यांचा थोरला मुलगा ॲलस्टर हा कामात त्यांचा उजवा हात होता. एप्रिलमध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. बातमी आली तेव्हा ॲना इथेच, भारतात, तापाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना ती सांगितली गेली नाही. मुलाची जुनी पत्रे गेडिस त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये ॲनाही गेल्या.

त्याच वर्षी ते होळकरांच्या इंदुरात काम करत होते. शहरात प्लेग होता. नकाशा हातात धरून गल्लीबोळांत फिरणारा हा पांढऱ्या दाढीचा म्हातारा साहेब दिसला की, बायका मुलांना घरात ओढून घेत. कारण विचारल्यावर गेडिस यांना कळले की, प्लेग आणणारा साहेब तो हाच, असा लोकांचा समज झाला होता. समज अगदीच निराधार नव्हता. नकाशावाला साहेब आला की, मागोमाग घर पाडणारे येतात, हा लोकांचा अनुभव होता. घर पाडणे आणि प्लेग यांत त्यांना फरक वाटत नव्हता.

गेडिस दरबारात गेले आणि एका दिवसासाठी शहराचा कारभार आपल्या हाती मागितला. तो मिळाला. मग दवंडी पिटली गेली की, यंदाच्या दिवाळीला मोठी मिरवणूक निघणार आणि ती नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या भागातली जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील त्या भागातून जाणार. कचरा फुकट उचलला जाईल, असेही जाहीर झाले. पेठांत चुरस लागली. घराघरांतून, परसांतून हजारो गाड्या कचरा निघाला, हजारो उंदीर पिंजऱ्यात सापडले.

मिरवणुकीत पुढे हत्ती-उंट होतेच. त्यामागे रोगांची आणि घाणीची सोंगे, मच्छर, प्लेगचा अवाढव्य उंदीर आणि रावणासारखा उंच घाणीचा राक्षस. त्यानंतर मात्र शहराचे सफाई कामगार आले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात हार, हातात नवे झाडू, गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगे रंगवलेली. त्यांच्या डोक्यावरचे फेटे आणि अधिकाऱ्यांच्या डोक्यावरचे फेटे एकाच रंगाचे होते. ज्यांची सावलीही टाळली जाई त्या माणसांना शहराने भर रस्त्यात मान दिल्याचे दृश्य १९१७ साली साधे नव्हते. अर्थात एका दिवसाच्या हाराने त्यांच्या जगण्यात किती फरक पडला असेल, हा प्रश्न उरतोच. शेवटी इंदूर शहराची नवी देवता आली, पाठोपाठ नियोजित बागा आणि इमारतींचे देखावे. घरोघर तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले.

प्लेग ओसरला. त्याचे सगळे श्रेय मिरवणुकीला देणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण प्लेगला ऋतुमानाप्रमाणे चढउतार असतात आणि तुलनेसाठी दुसरे शहर कुणी ठेवले नव्हते. पण उंदराचे बीळ, सांडलेले धान्य आणि अडगळ कमी झाली की साथीचे इंधन कमी होते, हे पक्के आहे. आणखी एक गोष्ट घडली. त्या दिवसानंतर गेडिस यांना गल्लीत पाहून लोक दारे लावेनासे झाले.

इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात नद्यांचे काठ मोकळे करण्यापासून विद्यापीठापर्यंत सगळे आहे. सांडपाण्याच्या बाबतीत त्यांनी महागड्या भुयारी गटारांना विरोध केला आणि मैला-पाणी बागांकडे वळवा, असे सुचवले. कल्पना निसर्गचक्राला धरून होती. मात्र कच्चा मैला भाजीच्या वाफ्यात गेला तर पटकी, विषमज्वर आणि जंत परत ताटात येतात, हा धोका त्यांनी पुरेसा तोलला, असे वाटत नाही. योगायोग असा की, काही वर्षांनी याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताचा ढीग रचण्याची पद्धत बसवली. नीट रचलेल्या ढिगात इतकी उष्णता तयार होते की, बहुतेक जंतू आणि जंतांची अंडी मरतात. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाला परदेशी शिक्षणासाठी निवडण्यात त्यांचा हात होता. घुर्ये परतल्यावर १९२४ मध्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली घडली. भारतातल्या वास्तव्यातच गेडिस यांनी जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र लिहिले. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दुसऱ्याकडे कुतूहलाने पाहून लिहिलेले हे पुस्तक आहे. मुंबईची हवा मात्र त्यांना मानवली नाही आणि तब्येत ढासळल्यावर १९२४ मध्ये ते फ्रान्समध्ये माँपेलिये येथे गेले. तिथल्या माळरानावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले आणि बाग केली. १९२५ साली तेल अवीवचा आराखडाही केला. घरांच्या चौकांच्या आत बागा असलेला हा आराखडा बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आला आणि त्या आराखड्यावर उभा राहिलेला शहराचा मध्यभाग २००३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. १९३२ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि काही आठवड्यांतच, १७ एप्रिल रोजी, माँपेलियेत त्यांचे निधन झाले.

भारतातले त्यांचे बहुतेक अहवाल संस्थानांच्या आणि नगरपालिकांच्या दप्तरांत धूळ खात पडले. मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांबद्दल १९१५ मध्ये त्यांनी जे लिहिले होते, ते महाराष्ट्र शासनाने १९६५ साली पुस्तकरूपाने छापले. प्रकाशक म्हणून त्यावर ज्या खात्याचे नाव आहे ते नगरविकास आणि सार्वजनिक आरोग्य असे एकच खाते आहे. नंतर त्या खात्याची दोन खाती झाली.